वारा कुठल्या बाजूला?

पंखा ८० रुपयांचा. त्यापायी भर दुकानात माझी जी शोभा झाली, ती मात्र फुकट.

माझ्याकडे रास्पबेरी पाय फोर आहे. पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर. टीव्हीच्या मागे प्लास्टिकच्या डबीत पडल्यापडल्या घरातल्या फोनवरच्या जाहिराती गाळतो, फोटो सांभाळतो. मे महिन्यात त्याचं तापमान ८२ अंशांवर गेलं. ८० च्या पुढे त्यातली चिप आपणहून वेग उतरवते. (मलाही ऑफिसात ही सोय हवी आहे.) तेव्हा पंखा हवा, म्हणून पुण्यातली तापकीर गल्ली, विजेच्या सामानाच्या दुकानांची.

काउंटरवर माझ्याआधी एक काका. सीलिंग फॅनचा जुना कपॅसिटर रुमालात गुंडाळून आणलेला.

"३० मिलिमीटरचा, ५ व्होल्टचा डीसी फॅन द्या," मी म्हणालो.

काका वळले. "केवढा?"

"तीन सेंटिमीटर."

"कोणाला वारा घालणार? मुंगीला?"

दुकानदार हसला. तो हसला नसता तर मी गप्प बसलो असतो.

"कॉम्प्युटरला आहे."

"कुठाय?"

मापासाठी आणलेली डबी मी खिशातून काढली. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, डबी उलटसुलट केली आणि तिचा वास घेतला. खरंच घेतला.

"जळालेला नाहीये. तापतो किती?"

"ब्याऐंशी."

"मग ताप कुठाय? माणसाचाच अठ्ठ्याण्णव असतो!"

"काका, सेल्सिअस."

"मग तसं सांगा की." जणू चूक माझीच. "नोकरी करता, की हेच?"

पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा नवा कपॅसिटर आला. पैसे मोजता मोजता म्हणाले, "लेबल ज्या बाजूला, वारा त्या बाजूला. तुम्ही उलटा बसवाल."

यावर काय बोलणार?

"स्क्रू?" मी दुकानदाराला विचारलं.

"फॅन मागितलात, फॅन दिला."

हे मला कधीच कळलेलं नाही. घड्याळ घ्या, खिळा नाही. रिमोट घ्या, सेल नाहीत. वस्तू विकतात, ती लावायची सोय आपण गावभर हिंडून गोळा करायची. पंख्याला भोकं चार, ती पाडताना कोणालाच वाटलं नाही की यात काहीतरी जाणार आहे? दोन दुकानं सोडून ३ मिलिमीटर जाडीचे, १६ मिलिमीटर लांबीचे स्क्रू मिळाले. सुटे देत नाहीत. शंभर स्क्रूंचं पाकीट. पंख्यापेक्षा महाग.

घरी येऊन पंखा डबीच्या झाकणावर बसवला. लेबल वर, कारण वर दिसलेलं छान दिसतं. लाल वायर कॉम्प्युटरच्या चौथ्या पिनवर, काळी सहाव्या. फिरला! तापमान ८२ वरून ७१. एवढ्यासाठी एवढं?

अर्धा तास मी त्या आकड्याकडे बघत बसलो. मग, घरात कोणी बघत नाही याची खात्री करून, चारही स्क्रू काढले आणि पंखा उलटा केला. म्हणजे सुलटा. आता वारा थेट चिपवर. ५८.

म्हाताऱ्याचं बरोबर होतं. वास घेऊन निदान करणाऱ्या माणसाचं!

रात्री बायको उठून बसली. "डास आहे का रे?"

"पंखा आहे."

"पंखा? मग वारा कुठाय?"

लाल वायर चौथ्या पिनवरून काढून पहिल्या पिनवर घातली. तिथे ५ ऐवजी ३.३ व्होल्ट मिळतात. पंखा मंदावला, डास गेला, तापमान ६३ वर टेकलं. हा उपाय मला माझा मला सुचला, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

एक स्क्रू कपाटाखाली गेला. बाकीचे पंचाण्णव श्रीखंडाच्या डब्यात आहेत. कुणाला हवे असतील तर घेऊन जा. सुटेसुद्धा देईन.