सोसायटीच्या ग्रुपवरचा ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ मेसेज कुठे चुकतो

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: “कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ दिसलं की लायसन संपलं. ३० दिवसांत फायली उडतील. अँटिव्हायरस बंद करून सोबतचा ॲक्टिव्हेटर चालवा, नाहीतर फॉरमॅट मारा, किंवा लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातली की आणा.” (‘की’ म्हणजे ॲक्टिव्हेशनचा कोड; लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार.)

फायली उडतात ही निव्वळ थाप. विंडोज १० किंवा ११ ॲक्टिव्हेट नसेल तर कोपऱ्यात ती अक्षरं राहतात आणि सेटिंग्जमधून वॉलपेपर-रंग बदलता येत नाहीत, इतकंच.

लायसन संपलं? घरच्या लायसनला मुदतच नसते. ऑफिस-कॉलेजांसाठीच्या, संस्थेच्या सर्व्हरवरून होणाऱ्या केएमएस ॲक्टिव्हेशनला असते, १८० दिवसांची. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, ‘एसएलएमजीआर’, मग स्पेस, तिरपी रेघ आणि ‘डीएलआय’ असं इंग्रजीत (slmgr /dli) टाइप करा. ओईएम (मशीनसोबत आलेलं) किंवा रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) दिसलं तर ठीक. घरच्या मशीनवर व्हॉल्यूम (संस्थांना घाऊक दिलेलं) केएमएस दिसलं, तर पीसी जोडून देणाऱ्याने बहुधा ॲक्टिव्हेटरच, म्हणजे खोटं ॲक्टिव्हेशन करणारा प्रोग्राम, चालवलाय. अँटिव्हायरसने तो उडवला की पुढे कधीतरी शेवटी ‘एफ०७४’ असलेला एरर येतो: केएमएस सर्व्हर सापडत नाही. मेसेजवाल्यांचा उपाय काय, तर पुन्हा तोच ॲक्टिव्हेटर! अनोळखी प्रोग्रामला ॲडमिनचे अधिकार द्यायचे आणि संध्याकाळी त्याच पीसीवर नेटबँकिंग उघडायचं. असं मशीन बॅकअप घेऊन कोरं करावं. इथे फॉरमॅटचा सल्ला बरोबर आहे.

एरवी तो बहुतेकदा फुकट जातो, कारण डिजिटल लायसन मुख्यतः मदरबोर्डला बांधलेलं असतं. रॅम किंवा एसएसडी बदलल्याने सहसा बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला तर दहादा फॉरमॅट करा, शेवटी ‘एफ२१३’ असलेला, लायसन सापडत नसल्याचा एरर सुटणार नाही. लायसन रिटेल असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटला आधीच जोडलेलं असेल, तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, ट्रबलशूट या वाटेने जाऊन हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडा. ओईएम असेल तर ते जुन्या बोर्डासोबत गेलं.

लॅपटॉपवर जास्त दिसणारी भानगड वेगळी. कंपनीने विंडोजची होम आवृत्ती दिलेली, बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) साठवलेली कीसुद्धा होमचीच, आणि दुरुस्तीवाला ‘प्रो टाकून देतो’ म्हणत प्रो आवृत्ती टाकतो. ते ॲक्टिव्हेट होणार कसं? होम पुन्हा टाका, नेट जोडा. की विचारलीही जात नाही.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपलाय. तारीख चुकली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, ॲक्टिव्हेशन अडतं. सेल बदला, तारीख लावा, मग बाकीचं बघा.

स्वस्तातली की बहुधा व्हॉल्यूमची असते, एकच अनेकांना विकलेली. आज चालते, मर्यादा संपली की शेवटी ‘सी०२०’ असलेला एरर, ब्लॉक झाली की ‘सी००३’. लॅमिंग्टन रोडवर घ्यायचीच तर सीलबंद रिटेल बॉक्स आणि जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. बिल नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.