मोबाईलवर कडक व्हा, माणसाच्या आवाजावर नको

थिएटरात त्रास देणाऱ्या प्रेक्षकांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी एकाच वाक्यावर येऊन थांबते. "ज्यांना गप्प बसता येत नाही त्यांनी घरी ओटीटीवर बघावं." बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो पुढच्या रांगेत फोनवर मोठमोठ्याने बोलणारा माणूस. वाक्य मात्र जाऊन लागतं भलत्यालाच. स्वमग्न मुलाच्या आईला लागतं. टुरेट, म्हणजे ज्यात नकळत आवाज आणि झटके येतात तो विकार असलेल्या तरुणाला लागतं. डिमेन्शिया झालेली आजी दर दहा मिनिटांनी "हा कोण गं?" विचारते, तिला घेऊन आलेल्या सुनेला लागतं. ही माणसं हळूहळू यायची बंद होतात आणि फोनवाला पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर असतो.

माझं म्हणणं असं की थिएटरातली शिस्त आणि दिव्यांगांचा समावेश या एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी नाहीतच. फोनच्या बाबतीत आज आहोत त्याच्या दुप्पट कडक व्हायला हवं आणि ज्या आवाजावर माणसाचा ताबा नाही त्याच्याशी दुप्पट समजुतीने वागायला हवं. दोन्ही एकाच वेळी जमतं, कारण फोन आणि बडबडीचा सगळ्यात जास्त त्रास दिव्यांग प्रेक्षकांनाच होतो.

ज्याला कमी ऐकू येतं तो सबटायटल वाचत असतो. पुढच्या रांगेत स्क्रीन उजळली की नजर तिकडे ओढली जाते, तेवढ्यात ओळ निघून जाते, आणि ती काही परत येत नाही. कानात श्रवणयंत्र असेल तर अजून वाईट. यंत्र संवाद मोठा करतं तसं मागच्या रांगेतलं कुजबुजणं आणि वेफर्सच्या पाकिटाची चुरचुरही मोठी करतं. कोणता आवाज कामाचा, हे यंत्राला पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. दृष्टिहीन प्रेक्षक ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय त्याचं बोललेलं वर्णन, ऐकतो तेव्हा एका कानात इअरफोन असतो आणि दुसरा कान हॉलसाठी मोकळा ठेवलेला असतो. त्या मोकळ्या कानाशी कुणी गप्पा मारल्या तर संवादही गेला आणि वर्णनही गेलं.

इथे एक सावधगिरी. दृष्टिहीन माणसाच्या हातातही फोन असू शकतो. एक्सएल सिनेमासारखं ॲप फोनच्या मायक्रोफोनमधून सिनेमाचा आवाज ऐकतं आणि त्याच्याशी जुळवून वर्णन ऐकवतं. ती फाईल घरूनच डाउनलोड करून न्यावी, हॉलमध्ये नेटवर्क मिळेलच असं नाही. मायक्रोफोनची परवानगी आधीच देऊन ठेवावी आणि स्क्रीन पूर्ण काळी ठेवावी. बॅटरी वाचवणारा मोड चालू असेल तर ॲप मध्येच बंद पडू शकतं, म्हणून तोही आधी तपासावा. डोअरकीपरने बघायचं एवढंच की स्क्रीन काळी आहे आणि कानात इअरफोन आहे. तसं असेल तर तिथे बोलायचं काही कारण नाही. स्क्रीन उजळून हिरोच्या एन्ट्रीचं रील काढणाऱ्याला मात्र लगेच थांबवा. चालू सिनेमा परवानगीशिवाय मोबाईलवर टिपणं २०२३ च्या दुरुस्तीनंतर किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंडाचा गुन्हा आहे.

आता न थांबवता येणारे आवाज. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे, डोळे पडद्यावर, बोटं कानाजवळ फडफडतायत, घशातून एकाच सुरात "म्म्म" चाललंय, आणि मागेपुढे डुलताना खुर्ची करकरतेय. शेजारच्यांना वाटतं याचं लक्ष नाही, कंटाळलाय. उलट आहे. समोरून येणारा आवाज त्याला झेपण्यापलीकडचा आहे, तो कधी वाढेल याचा अंदाज नाही, म्हणून तो स्वतःच्या ताब्यातला एक सूर त्यावर पांघरतोय. त्याला जोरात "शूऽऽ" केलं की आणखी एक अनपेक्षित आवाज वाढतो, आणि त्याचा सूरही वाढतो. टुरेटमध्ये टिक, म्हणजे तो नकळत होणारा आवाज किंवा झटका, थोडा वेळ दाबून ठेवता येते, पण दाबताना आतला ताण वाढत जातो आणि ती कधीतरी निसटतेच, कधी नेमकी शांत प्रसंगात. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं, असलेल्या काही जणांचं अंग अचानक मोठा आवाज झाला की सबंध दचकतं, हातातला पॉपकॉर्न उडतो, तोंडातून आवाज निघतो. यातली कुठलीही गोष्ट "शिकवलं नाही का घरी" या सदरात येत नाही.

खरी कसोटी असते डोअरकीपरची. तक्रार आली की त्याला माहीत असलेलं काम एकच, बॅटरी घेऊन जायचं आणि तोंडावर मारायची. इथेच सगळं बिघडतं. बॅटरीचा झोत जमिनीवर ठेवावा, खाली बसून सीटच्या उंचीवर यावं आणि हळू आवाजात एकच प्रश्न विचारावा, "काही मदत हवी आहे का?" आधी त्या व्यक्तीला, मग सोबतच्याला. उत्तरावरून दोन मिनिटांत कळतं की हा गप्पा मारणारा ग्रुप आहे की दुसरं काही. हात लावायचा नाही. चौघांनी घोळका करायचा नाही. कुणी मोबाईलवर शूटिंग सुरू केलं तर आधी ते बंद करायचं. व्यक्ती खरोखरच बेचैन असेल तर कमीत कमी शब्दांत बाहेरची वाट मोकळी करून द्यायची आणि "दहा मिनिटांनी परत या, सीट तुमचीच आहे" हे स्पष्ट सांगायचं. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण बाहेर जाणं म्हणजे हाकलणं नाही, हे त्या घराला तेवढ्यावरूनच कळतं.

आणि तक्रार करणाऱ्याचं काय? त्यानेही पैसे मोजलेत, त्याचा त्रास खोटा नाही. पण जागा बदलण्याची सोय त्याला द्यावी. दुसरी सीट, नाहीतर दुसऱ्या शोचं तिकीट. जो सहज उठू शकतो त्याने उठावं, हा साधा हिशेब आहे. एप्रिल २०१८ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या थिएटरात ॲस्पर्जर, म्हणजे स्वमग्नतेचाच एक प्रकार, असलेल्या एका तरुणीला मोठ्याने हसते म्हणून तिच्या वाढदिवशी ओढून बाहेर काढलं, आणि काही प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. संस्थेने नंतर माफी मागितली. एवढी जुनी, जाणकार संस्था तिथे चुकली, कारण त्या क्षणी नेमकं काय करायचं हे दारावरच्या माणसाला माहीत नव्हतं.

दुसरा भाग रिलॅक्स्ड शोचा. अमेरिकेत थिएटरांची एक मोठी साखळी २००७ पासून असे शो करते. हॉल पूर्ण काळोखा करत नाहीत, आवाज कमी ठेवतात, जाहिराती नसतात, उठून फिरायला मुभा असते. ठाण्यात किंवा वाशी, सीवूड्स, खारघरला महिन्यातून एक रविवार सकाळचा शो असा करायला नवीन यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती थोडी आधीची तयारी, आणि नेमकी तीच राहून जाते.

आवाजाचंच बघा. हॉलचा आवाज सांभाळणाऱ्या डॉल्बीच्या प्रोसेसरवर आवाज कमीजास्त करायचं बटण असतं, तो फेडर. फेडर ७ म्हणजे प्रमाण पातळी. ४ ते १० या पट्ट्यात एक आकडा म्हणजे साधारण ३.३ डेसिबल. बरीच थिएटरं रोजच्या शोला ७ च्या खालीच चालवतात. समजा रोज ५.५ असेल तर ४.५ वर आणलं की धमाके बोथट होतात आणि संवाद टिकतात. उत्साहाच्या भरात ३ वर नेलं तर गडबड होते, कारण ४ च्या खाली एकेक आकडा २० डेसिबलचा आहे, म्हणजे संवादच गायब. म्हणून ४ ही शेवटची पायरी समजावी. आवाज कमी केला की ज्येष्ठांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना अडचण होते, म्हणून त्या शोला पडद्यावर सबटायटल हवीतच, सिनेमा मराठी असला तरी मराठीत हवीत.

नेहमी होणारी चूक अशी: मॅनेजर दारावर उभा राहून "आज आवाज कमी ठेवा" म्हणतो, सुरुवातीला तो कमी असतोही, आणि सिनेमा सुरू होताच पूर्ववत. कारण मल्टिप्लेक्समध्ये दिवे, आवाज, पडदा सगळं प्लेलिस्टमधल्या आदेशांवर आपोआप चालतं, आणि सिनेमाच्या सुरुवातीला फेडर ठरलेल्या आकड्यावर परत जातो. आकडा प्लेलिस्टमध्येच बदलायला हवा, तोही आदल्या दिवशी, प्रोजेक्शन सांभाळणाऱ्या माणसाशी बोलून. दिव्यांचंही तेच. पायऱ्यांचे आणि भिंतीवरचे दिवे मंद चालू राहतील असा आदेश टाकावा लागतो, आणि मध्यंतराला एकदम झगझगाट न होता दिवे सावकाश चढतील असं सांगावं लागतं. आपल्याकडे मध्यंतर असतंच, आणि अंधारातून एकदम लख्ख उजेड, वर जाहिरातीचा मोठा आवाज, हा सिनेमातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त त्रासाचा क्षण असतो.

तिकिटं पूर्ण विकू नयेत, साठ-सत्तर टक्क्यांवर थांबावं, म्हणजे सरकायला जागा राहते. दार उघडं, बाहेर एक शांत कोपरा. आणि सिनेमा दरवेळी कार्टूनच नको. स्वमग्न मुलं मोठी होतात, त्यांनाही या शुक्रवारी लागलेला मराठी सिनेमाच बघायचा असतो. कर्मचाऱ्यांना तासाभराचं प्रशिक्षण द्यायचं तर माणसं लांब शोधावी लागणार नाहीत. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, वाशीला दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे.

पण महिन्याचा एक शो दिला म्हणून बाकीचे शो "नॉर्मल" लोकांचे, असा अर्थ कुणी काढू नये. ही भीती मला खरोखर वाटते. रिलॅक्स्ड शो ही जादाची सोय आहे, कुंपण नाही.

व्हीलचेअरबद्दल थोडक्यात, कारण त्यात मतभेदाला जागाच नाही. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबी. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. जागा ठेवली तर ती पहिल्या रांगेसमोर ठेवतात, तिथून मान मोडते. पडद्याच्या वरच्या कडेकडे बघताना नजरेचा कोन ३५ अंशांपेक्षा जास्त नसावा, असा सिनेमा तंत्रज्ञांचाच संकेत आहे. "आम्ही उचलून नेतो ना साहेब" हे उत्तर नाही. मोटरची खुर्ची चौघांना पेलत नाही, आणि माणसाला सीटवर बसवून खुर्ची बाहेर नेऊन ठेवली तर आग लागल्यावर तो जाणार कसा? रांगेच्या कडेच्या सीटचा हात वर उचलता येत असेल तर कित्येकांना स्वतःच सरकून बसता येतं. अशा सीट कोणत्या, ते बुकिंगच्या नकाशावर दाखवा.

राष्ट्रगीताच्या वेळी न उठणाऱ्याकडे बघून डोळे वटारणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. ज्यांना उभं राहता येत नाही अशा दिव्यांगांना सूट आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्येच स्पष्ट केलंय. त्याच वर्षी पणजीत व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला उठला नाही म्हणून मारलं होतं. मागून पाठमोरा दिसणारा माणूस का बसलाय, हे आपल्याला दिसत नसतं.

ज्या घरांना साध्या शोलाच जायचंय त्यांच्यासाठी काही उपयोगाचं. सिनेमा लागून दुसरा आठवडा उजाडू द्या, मधल्या वारी सकाळचा शो घ्या. सीट कडेची, पण दार पडद्याच्या बाजूला आहे की मागे, ते आधी बघा. मागचं दार असेल तर शेवटची रांग, पुढचं असेल तर मधली कडेची. छापील वेळेनंतर बराच वेळ जाहिराती आणि ट्रेलर चालतात आणि ते मोठ्या आवाजात असतात, तेवढा वेळ बाहेर काढा. आवाज अडवणारे इअरमफ घरी दोन-चार दिवस घालून सवय करा, पहिल्यांदा थिएटरात घातले तर मुलं काढून टाकतात. स्वच्छतागृहातला हात सुकवायचा ड्रायर बऱ्याच मुलांना सिनेमापेक्षा भयंकर वाटतो, नॅपकिन जवळ ठेवा. ठरावीकच खाणारं मूल असेल तर डबा दारावर अडकतो. बाहेरचे पदार्थ रोखण्याचा थिएटरचा हक्क न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केलाय, तान्ह्या मुलांच्या खाण्याला सूट आणि पाणी मोफत. म्हणून बाकीच्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मॅनेजरची लेखी परवानगी आदल्या दिवशी मिळवावी, दारावरच्या मुलाशी वाद घालून उपयोग नाही.

सोबतीच्या तिकिटाचा मुद्दा राहतोच. एसटी सोबत्याला सवलत देते. ब्रिटनमध्ये एका कार्डावर सोबत्याला सिनेमाचं तिकीट मोफत मिळतं. आपल्या मल्टिप्लेक्सनी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, हे करायला काय हरकत आहे?

कायदा बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मनोरंजनाचा हक्क मान्य करतो. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने १५ मार्च २०२४ ला सिनेमांसाठी सबटायटल आणि ऑडिओ डिस्क्रिप्शनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. एकाहून जास्त भाषांत प्रमाणित होणाऱ्या सिनेमांना सहा महिने आणि बाकीच्यांना दोन वर्षं मुदत दिली. म्हणून अनुभव वाईट आला तर तोंडी बोलून सोडून देऊ नका. त्याच दिवशी मॅनेजरला मेल करा, मराठीतच करा: तारीख, स्क्रीन नंबर, शोची वेळ, सीट नंबर, कोण काय बोललं, आणि नेमकं काय हवं होतं. उत्तर आलं नाही तर तोच मेल पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाला जोडून पाठवा. आणि त्या शोला कुणी फोन उजळून बसलं असेल, तर त्याचा रांग नंबरही त्याच मेलमध्ये लिहा.