एक्झोडार ओस आहे, पण गेम मेलेला नाही

‘एक्झोडारमध्ये चिटपाखरू दिसत नाही, म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट संपला’ असा दावा या ऑनलाइन गेमबद्दल फिरतोय. तो चुकीचा आहे. जानेवारी २००७ मध्ये ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्तारासोबत (गेमला जोडलेला नवा भाग) ड्रेनाय या वंशाची राजधानी म्हणून एक्झोडार आलं. गेम ऐन भरात होता, तरी तिथे शुकशुकाटच असायचा. कोपऱ्यातलं बेट, कोसळलेल्या जहाजाच्या पोटातलं शहर. नवखे खेळाडू सुरुवातीच्या लेव्हल संपल्या की निघून जायचे, परत यायला कारणच नव्हतं. त्याच विस्तारात शत्राथ हे शहर मिळालं: बँका, राजधान्यांत क्षणात नेणारी पोर्टल्स, पुढच्या मोहिमा जवळ. सगळे तिकडे गेले. २००८ मध्ये पुढच्या विस्तारात डालारान हे शहर आलं आणि शत्राथही ओसरलं. डालारानमध्ये मात्र इतकी झुंबड, की स्क्रीन अडखळायची! खेळाडू मोजायचेच असतील तर चालू विस्ताराच्या मुख्य शहरात जाऊन बघा.