बिल्डिंग बघून झाली त्यांची

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. बाहेर फूटभर बर्फ, ड्राइव्हवे साफ करायचाय आणि मी चहा गार करत टाइप करत बसलोय. कारण आमच्या मेव्हण्याने फॅमिली ग्रुपवर नऊ फोटो टाकलेत. तो राहतो लास व्हेगसला. ओकलंडची बेसबॉल टीम आता तिथे जाणार, तिच्यासाठी नवीन स्टेडियम होतंय, त्याचे. खरे फोटोसुद्धा नाहीत, कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं. एकावर एक शिंपले रचल्यासारखं पांढरं छप्पर, समोर काचेची भलीमोठी भिंत, वर गुलाबी आभाळ. चित्रातली माणसं सगळी सडपातळ. खाली लिहिलंय, "बघा दाजी, ओकलंडमध्ये कुत्रं फिरकत नव्हतं, इथे तिकीट मिळायचं नाही. स्टेडियम नवीन असलं की पब्लिक येतंच."

त्या "येतंच" मधला च मला टोचला.

ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं तर बायको म्हणाली, माझ्या भावाला सगळ्यांसमोर काही बोलू नकोस. म्हणून इथे लिहितोय. तो फेसबुकवर नाही.

तर, मी पिट्सबर्गला आलो डिसेंबर २००० मध्ये. या गावात मी बघितलेला बेसबॉलचा पहिला कार्यक्रम म्हणजे स्टेडियम पाडण्याचा. ११ फेब्रुवारी २००१, रविवार, सकाळचे आठ. आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे. होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात होते, १९८६ ला तो बंद पडला तोपर्यंत. मी नवीन, गाडी नाही, थंडीचं जॅकेटही धड नाही. त्यांनी दार वाजवलं, "चल, इतिहास बघायचाय का," म्हणाले आणि माउंट वॉशिंग्टनच्या टेकडीवर घेऊन गेले. खाली नदीकाठी थ्री रिव्हर्स स्टेडियम, काँक्रीटचं गोल टोपलं. धडाधड आवाज झाले, टोपलं बसलं, धूळ उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनी नाही वाजवल्या. म्हणाले, १९७० मध्ये बांधलं तेव्हा हेच सांगितलं होतं, नवीन आहे, आता गर्दीच गर्दी. पाडलं तेव्हा त्याचं कर्जसुद्धा पुरतं फिटलेलं नव्हतं.

बाजूलाच नवीन तयार होतं. पीएनसी पार्क, आमच्या पिट्सबर्ग पायरेट्स टीमचं. मंडळी, इथे मी खोटं बोलणार नाही. अमेरिकेत एवढं देखणं बेसबॉल मैदान दुसरं मी पाहिलेलं नाही. पिवळसर दगड, दोनच मजले, उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे नदी आणि नदीपलीकडे अख्खं डाउनटाउन डोळ्यासमोर. ती भिंत २१ फुटांची, कारण आमच्या टीमचा जुना लाडका खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे, त्याचा नंबर २१. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघालेला हा माणूस १९७२ च्या शेवटच्या दिवशी विमान पडून गेला. त्याच्याच नावाच्या पुलावर मॅचच्या दिवशी गाड्या बंद असतात, लोक नदीवरून चालत जातात. मेव्हण्याला मी स्वतः नेलं होतं तिथे, तेव्हा हॉटडॉग खात "वा वा" करत होता.

आणि गर्दी? पहिल्या वर्षी, २००१ ला, जवळपास २५ लाख लोक आले. टीम किती हरली? शंभर मॅचेस. १६२ पैकी १००! म्हणजे मेव्हणेबुवा बरोबर, नाही का? पब्लिक येतंच.

पुढच्या वर्षी टीम थोडी बरी खेळली. लोक आले १८ लाखांच्या आत. एका वर्षात साडेसहा लाख माणूस गायब. नदी तीच, पूल तोच, दगडही अजून पुसल्यासारखा चकचकीत. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते ऐकलं होतं, इथे मोजून बघितलं.

आता मुद्द्याची गोष्ट. सप्टेंबर २०१०, मंगळवारची रात्र. त्या वर्षी टीमने १०५ मॅचेस हरल्या. शेजारच्या आजोबांनी (आमच्या मुलीमुळे आम्ही सगळेच त्यांना आजोबा म्हणायचो, त्यांना तो शब्द फार आवडायचा) तिकिटं आणली होती. मुलगी सहा वर्षांची. तिला मॅचपेक्षा मधल्या पिरोगींच्या शर्यतीत रस. पिरोगी म्हणजे बटाटा भरलेली उकडलेली करंजी समजा. माणसं त्या करंजीचे वेश घालून मैदानाच्या कडेने पळतात. हे मी कोल्हापूरला आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी प्यायलोय. तर आम्ही बसलो, आणि आजूबाजूला कोणी नाही. अक्षरशः कोणी नाही. बिअर विकणारा आमच्या रांगेत येऊन बसला आणि बूट काढून पाय चोळायला लागला. फलंदाजाने थुंकलेलं ऐकू यावं अशी शांतता. मुलीने विचारलं, "बाबा, सगळे कुठे गेले?"

मी काही बोलायच्या आत आजोबा स्कोअरबुकातून मान वर न करता म्हणाले, "बिल्डिंग बघून झाली त्यांची."

तेवढ्यात बोर्डावर त्या रात्रीचा प्रेक्षकांचा आकडा झळकला. पाच आकडी! माहीत नसेल तर सांगतो, हा आकडा विकलेल्या तिकिटांचा असतो, आत आलेल्या माणसांचा नव्हे. आजोबा पेन्सिल घेऊन आमचा सेक्शन मोजायला लागले.

"बिल्डिंग बघून झाली त्यांची" हे वाक्य मी पंधरा वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. कुठल्याही गावच्या नव्या स्टेडियमची चित्रं आली की तेच आठवतं. मायामीचं बघा ना. २०१२ मध्ये सरकत्या छपराचं स्टेडियम उघडलं, त्यातला मोठा वाटा जनतेच्या पैशाचा. पहिल्या वर्षी २२ लाख लोक. त्याच नोव्हेंबरमध्ये टीमने आपले महागडे खेळाडू एका झटक्यात टोरांटोला देऊन टाकले. म्हणजे मांडव घातला, वरात दारात आली आणि नवरदेव विकला. पुढच्या वर्षी लोक १६ लाखांच्या खाली. २०१८ पर्यंत आठ लाखांवर आले. छप्पर अजून छान सरकतं म्हणे.

आता कोणीतरी कमेंटमध्ये बाल्टिमोर काढणार. काढा. १९९२ मध्ये कॅम्डेन यार्ड्स उघडलं आणि २५ लाखांचे ३५ लाख झाले, आणि ती गर्दी बरीच वर्षं टिकली, मान्य. त्याच सुंदर विटांच्या मैदानात २०१८ ला टीम ११५ मॅचेस हरली तेव्हा किती आले? १६ लाखसुद्धा नाही. क्लीव्हलंडचे सलग ४५५ हाउसफुल? तेही मान्य, पण तेव्हा टीम जबरदस्त होती, आणि ती विखुरल्यावर गर्दीही गेली. सॅन फ्रान्सिस्को? बरं बाबा, तिथे फायदा झाला, आधीच्या मैदानात लोक जुलैत कुडकुडत बसायचे. पण तिथे नव्या मैदानात बॅरी बॉन्ड्ससारखा तगडा फलंदाजही होता. आणि तो त्यांना मिळाला कुठून? आमच्याकडून! १९९२ नंतर गेला आणि त्यानंतर आमच्या टीमने सलग वीस सीझन हरण्यात घालवले. वीस. मी त्यातली बारा वर्षं तिकीट काढून पाहिलीत, मला कोणी शिकवू नका.

(त्या काळात एकदाच आमच्या मराठी मंडळात बेसबॉलची चर्चा झाली होती. २००८ ला, याच टीमने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकवाल्या पोरांना करारावर घेतलं तेव्हा. दोघेही वरच्या लीगपर्यंत पोचले नाहीत. चर्चा संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंतही टिकली नाही.)

मुळात हिशेब साधा आहे. अमेरिकन फुटबॉलवाल्यांना घरच्या मैदानावर वर्षाला आठ-नऊ मॅचेस भरायच्या असतात. बेसबॉलवाल्यांना ८१. एक्याऐंशी संध्याकाळी! त्यात एप्रिलची थंडी आली, शाळेचे दिवस आले, सोमवार-मंगळवार आले. बिल्डिंग माणसाला एकदा आणते, पाहुणे आले तर दोनदा. तिसऱ्यांदा तो येतो ते आज काहीतरी होईल या आशेवर. ती आशा वीट-सिमेंटची नसते, राव.

आमच्या खासबागेचं काय? शाहू महाराजांनी बांधलेलं मैदान, १९१२ चं. दगडी पायऱ्या, उन्हात बूड भाजतं. कुस्ती तगडी लागली की पाय ठेवायला जागा नाही, नसली की कावळे. बॉस्टनचं फेनवे पार्कही १९१२ चंच. तिथल्या खुर्चीत माझे गुडघे मावत नाहीत आणि काही सीटांच्या पुढे चक्क खांब येतो. लोक भांडून तिकिटं घेतात. लॉस एंजेलिसचं मैदान १९६२ चं. २०२५ च्या सीझनला तिथे ४० लाखांवर माणूस गेलं. छप्पर बघायला गेलं का? त्यांचा स्टार खेळाडू ओतानी बघायला गेलं.

आणि ओकलंडमध्ये कुत्रं फिरकत नव्हतं म्हणे. मेव्हण्या, तिथल्याच जुन्या कोलिझियम स्टेडियममध्ये १९९० ला २९ लाख लोक आले होते, कारण टीम भारी होती. नंतर खेळाडू एकेक करून विकले, तिकिटं महाग केली आणि वर म्हणायचं, गाव नालायक आहे. जून २०२३ मध्ये तिथल्या लोकांनी ठरवून एका मंगळवारी मैदान भरवलं, मालकाला "टीम विका" म्हणून ओरडायला. २७ हजारांवर आले. २६ सप्टेंबर २०२४ ला शेवटची मॅच होती, आले ४६ हजारांवर. गळक्या, पडक्या, टाकाऊ म्हणून हिणवलेल्या त्याच इमारतीत. मी टीव्हीवर बघत होतो. मोठी मोठी माणसं रडत होती. आणि तुझ्या त्या शिंपल्यांसाठी नेवाडाच्या लोकांच्या खिशातून ३८ कोटी डॉलरपर्यंत जाणार आहेत. तुझ्याही, हो. तुझ्या मुलांच्या वर्गात किती मुलं कोंबलीत ते तूच दिवाळीला सांगत होतास ना?

इथेही तेच झालं होतं. १९९७ मध्ये आसपासच्या अकरा काउंट्यांमध्ये स्टेडियमसाठी विक्रीकर वाढवायचा का यावर मतदान झालं. लोकांनी सपशेल नाही म्हटलं. मग पुढाऱ्यांनी "प्लॅन बी" काढला आणि लोकांच्याच पैशातून बांधलं! आजोबांनी "नाही" वर शिक्का मारलेला. पण पहिल्या दिवसापासून प्रत्येक सीझनला गेले. मी एकदा डिवचलं तर म्हणाले, "पैसे माझे गेलेच आहेत, खुर्ची तरी वापरतो."

थांबा. जरा पाणी प्यायलो. बायको विचारतेय, एवढं कोणाला लिहितोयस.

एक रात्र सांगायची राहिली. १ ऑक्टोबर २०१३. वीस वर्षांनंतर टीम जिंकणारी निघाली होती, वाइल्ड कार्डची मॅच, म्हणजे हरलं की घरी, आमच्याच मैदानावर. मी आणि आजोबा वरच्या मजल्यावर. चाळीस हजार माणूस, सगळे काळ्या कपड्यांत. समोरच्या टीमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, क्वेटो. लोक त्याचं नाव सुरात, चिडवत ओरडायला लागले, "क्वेऽटो, क्वेऽटो", आणि त्याच्या हातून चक्क चेंडू खाली पडला. पुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिनचा होम रन, चेंडू थेट भिंतीपलीकडे. वरचा मजला खरोखर हलत होता, मी कठडा धरला. आजोबा उभे राहिले, स्कोअरबुक खाली पडलं, पेन्सिल कुठे गेली कळलंच नाही. माझ्या कानात ओरडले, "बघ, तीच बिल्डिंग!"

तीच बिल्डिंग. तेव्हा ती बारा वर्षं जुनी होती. २०१५ ला ९८ मॅचेस जिंकल्या आणि त्या वर्षी आलेला आकडा २००१ च्या नवलाईपेक्षाही मोठा होता. मग जानेवारी २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांच्या अंतराने कोल आणि मॅककचेन या आमच्या दोन्ही बड्या खेळाडूंना दुसरीकडे पाठवलं आणि त्या सीझनला लोक १५ लाखांच्या खाली. आता आमच्याकडे पॉल स्कीन्स आहे. तो फेकणार असला की पुलावर गर्दी दिसते, तो नसला की पूल रिकामा. २०२५ च्या सीझनला त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला आणि टीम ९१ मॅचेस हरली. यावर काय बोलायचं. नवीन स्टेडियम बांधा, दुसरं काय!

आजोबा २०१९ मध्ये गेले. त्यांच्या लेकीने त्यांची स्कोअरबुकं खोक्यात भरून मला आणून दिली, म्हणाली, टाकवत नाहीत आणि वाचताही येत नाहीत. मघाशी तळघरातून ते खोकं वर आणलं. ९ एप्रिल २००१, नव्या मैदानातली पहिली मॅच, तिचं पान सापडलं. त्याच सकाळी विली स्टार्जेल गेला होता, या गावचा लाडका खेळाडू. दोनच दिवसांपूर्वी मैदानाबाहेर त्याच्या पुतळ्याचं अनावरण झालेलं. आजोबांनी पानावर वरच्या कोपऱ्यात फक्त त्याचा नंबर लिहिलाय, ८, आणि भोवती गोल. नव्या स्टेडियमबद्दल एक अक्षर नाही.

आणि २०१० मधल्या त्या मंगळवारच्या पानावर, कडेला, बारीक पेन्सिलीत: "सेक्शनमध्ये १४. करंजीवाली मुलगी धरून."

"करंजी" इंग्रजी अक्षरांत लिहिलीय, चुकीच्या स्पेलिंगने.

त्या पानाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, वर काही लिहिलं नाही. मुलीने कॉलेजमधून लगेच बदाम पाठवला. मेव्हण्याने विचारलंय, "दाजी, हे काय आहे? कुठल्या स्टेडियमचं?"

जातो, बर्फ काढायचाय.