भाराभर चिंध्या? रिझ अहमदबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रिझ अहमद या पाकिस्तानी वंशाच्या ब्रिटिश कलाकारावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तो नट म्हणून मोठा, पण रॅप ही त्याची हौस. एक ना धड भाराभर चिंध्या. मी अर्धा लेख त्या हौसेवर घालवला. शिवाय त्याला ऑस्कर अभिनयासाठी मिळालं असं मी लिहिलं, तेही चूक.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. 'साउंड ऑफ मेटल' या चित्रपटातल्या अभिनयासाठी त्याला २०२१ साली फक्त नामांकन होतं, पुरस्कार अँथनी हॉपकिन्सला गेला. रिझला ऑस्कर मिळालं ते २०२२ साली, 'द लाँग गुडबाय' या लघुपटासाठी, दिग्दर्शक अनील कारियाबरोबर. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण हौस? 'द रोड टू ग्वांतानामो' हा ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगात डांबलेल्या ब्रिटिश मुसलमानांवरचा त्याचा पहिला चित्रपट २००६चा, आणि 'पोस्ट नाइन इलेव्हन ब्लूज' हे रॅपही त्याच वर्षीचं. बर्लिनच्या महोत्सवाहून परतताना लूटन विमानतळावर पोलिसांनी त्याला अडवलं, तेही तेव्हाच. म्हणजे नाव झाल्यावर हातात माइक घेतला, असं झालेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच रागातून आल्यात.

आता तो लघुपटच घ्या. जेमतेम बारा मिनिटांचा. घरात लग्नाची गडबड चालली आहे, थट्टामस्करी, किरकोळ भांडणं. आणि अचानक रस्त्यावर बंदूकधारी गोरे उतरतात. शेवटी जखमी रिझ त्याच रस्त्यावर कॅमेऱ्याकडे बघत बोलू लागतो. बोलणं कधी रॅप झालं ते मला तीनदा बघूनही पकडता आलेलं नाही. तुम्ही बघून सांगा, इथे नट कुठे संपला?

याच नावाचा अल्बम २०२०चा. त्यात ब्रिटनशी असलेलं नातं म्हणजे छळ करून वर घराबाहेर काढणारी प्रेयसी. त्यातल्या एका गाण्याचं नाव 'टोबा टेक सिंग'! हे उर्दू लेखक मंटोच्या फाळणीवरच्या कथेचं नाव. ज्यांनी ती वाचलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

हां, सगळंच उत्तम आहे असं मी म्हणत नाही. काही गाण्यांत मुद्दा इतका ठासून येतो की ताल बिचारा मागे राहतो. आणि 'व्हेनम' या हॉलिवूडपटात तर नटच वाया गेलाय, त्याचं खापर रॅपवर कसं फोडणार?

तुम्हाला आवडलेल्या 'साउंड ऑफ मेटल'मधला घसरगुंडीचा प्रसंग आठवतो? बहिरा होत चाललेला ड्रमर पत्र्यावर बोटांनी ठेका धरतो आणि घसरगुंडीवरचा कर्णबधिर मुलगा ती थरथर अंगाने ऐकतो. या भूमिकेसाठी रिझ काही महिने ड्रम आणि खुणांची भाषा शिकला, हे खरंच. पण त्या बोटांत लय आधीपासून मुरलेली होती, असं मला तरी वाटतं. तुम्हाला ती फक्त मेहनत दिसली असेल, तर तो प्रसंग पुन्हा एकदा लावा. या वेळी हेडफोन घालून.