अल्कोहोल 'सगळं' उडत नाही हो

बिअर घालून केलेल्या चिकनवरचा बाकी लेख मस्त, पण त्यातलं 'बिअर उकळली की अल्कोहोल सगळं उडून जातं, पोरांनाही बिनधास्त वाढा' हे काही पटलं नाही. अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं असलं की एका फटक्यात जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १५ मिनिटं शिजवल्यावर साधारण ४० टक्के उरतं, तासाभराने २५ आणि अडीच तासांनीही ५. आता अर्धी बाटली बिअर चार जणांच्या चिकनमध्ये म्हणजे वाट्याला किरकोळच येणार, पण ज्यांनी दारू सोडलीय किंवा जे घेतच नाहीत त्यांना आधी सांगायला नको का?

आणि बिअर कुठली तेही लिहायला हवं होतं. मी एकदा हौसेने आयपीए (कडवट चवीची बिअर) ओतून मटण केलं, रस्सा आटत गेला तसा कडूजहर, गूळ टाकला, वर कांदा परतून टाकला, काही फरक नाही, शेवटी पिझ्झा मागवला. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा कडूपणा उडत नाही, आटवलं की उलट वाढतो, त्यामुळे साधी लागर (कमी कडू, हलकी बिअर) नाहीतर गव्हाची बिअर घ्या. मला विचाराल तर बिअर रश्श्यात घालूच नका, तांदळाच्या पिठात थोडा मैदा, हळद, तिखट, मीठ आणि आयत्या वेळी फोडलेली थंडगार बिअर, त्यात बुडवून बोंबील तळा. पीठ मात्र आधी भिजवून ठेवायचं नाही, फेस बसला की कुरकुरीतपणा गेला.