"भोकं पडलेली होडी गळ्यात मारली" या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. हौसेनं पहिली कयाक (वल्ह्यानं चालवायची छोटी होडी) घेतलीत, नदीवर गेलात आणि दिवसभर ओल्या कपड्यांत बसून गळ टाकावा लागला, याचं वाईट वाटतं. झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो. एकच तारा दिलात, तो तुमचा अधिकार आहे. पण "तळाला भोकं पडलेली होडी स्वस्त म्हणून गळ्यात मारली" हे वाक्य मनाला फार लागलं. आमचं दुकान छोटं आहे. नवीन गिऱ्हाईक पायरी चढण्याआधी अशीच वाक्यं वाचतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती भोकं पडलेली नाहीत, मुद्दाम ठेवलेली आहेत. त्यांना स्कपर म्हणतात आणि सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न बसता वर बसायच्या कयाकला ती असतातच. डेकपासून, म्हणजे बसायच्या वरच्या भागापासून, तळापर्यंत आरपार गेलेल्या त्या नळ्या आहेत. त्यांतून होडीच्या पोटात पाणी शिरत नाही. लाटेचं, पावसाचं, वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी त्यांतून खाली निघून जावं, एवढंच त्यांचं काम. मात्र त्यासाठी डेक नदीच्या पाण्यापेक्षा उंच राहायला हवा. वजन वाढून होडी दबली, की त्याच भोकांतून पाणी उलटं वर येतं. तुमच्या बाबतीत हेच झालं आहे.

आता वजनाचं. तुम्ही लिहिलंय, "स्टिकरवर १४० किलो आहे, मी सामानासकट १२० च्या आत होतो, मग पाणी का आलं?" प्रश्न रास्त आहे, पण १४० ही कमाल मर्यादा झाली. तेवढ्या भारात कयाक तरंगते, पण त्यात कोरडं बसून मासेमारी होत नाही. त्यासाठी साधारण सत्तर टक्क्यांवर थांबावं, म्हणजे या कयाकला १०० किलोच्या आसपास. हे मी विकताना बोललो होतो. तेव्हा तुम्ही म्हणालात की दोन रॉड आणि गळ-दोऱ्याची लहान पेटी, बाकी काही नाही. त्या हिशोबानं १० फुटी कयाक योग्यच होती, हे मी आजही कोणासमोरही सांगेन. रिव्ह्यूसोबतच्या फोटोत मात्र मोठी बर्फपेटी, फिश फाइंडरची (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राची) बॅटरी, नांगर आणि पाण्याचा कॅन दिसतोय. हे सामान आधी कळलं असतं तर मी १२ फुटीच दाखवली असती, मग ती बजेटबाहेर म्हणून तुम्ही परत गेला असतात तरी चाललं असतं.

"गळ्यात मारली" याबद्दलही बोलायला हवं. तुम्ही आलात ते याहून स्वस्त, आत बसायची कयाक बघायला. मीच नको म्हणालो. नदीत ती उलटली की पाण्यानं भरते आणि नवख्या माणसाला भर धारेत ती रिकामी करून परत आत बसणं जवळपास अशक्य असतं. सिट-ऑन-टॉप सरळ करून पुन्हा वर चढता येतं. मग तुम्ही पायानं चालवायची पेडलवाली विचारलीत. तिच्यात आमचा फायदा किती तरी जास्त होता. तरी मी सांगितलं की उथळ पाण्यात पेडलचे खालचे पंख दगडांवर आपटतात, पहिल्या होडीत एवढे पैसे अडकवू नका. माल खपवायचा असता तर मी हे कशाला बोललो असतो?

होडी सरळ जात नाही, ही तक्रार अर्धी खरी आहे. आखूड आणि रुंद होडी स्थिर असते, दगडांमधून पटकन वळते, पण लांब होडीसारखी सरळ धावत नाही. त्यात तुमचं सगळं जड सामान मागे आहे. पुढचं टोक उचललं गेलं की वारा ते ढकलतो. बॅटरी पुढे सरकवा, फरक जाणवेल. आणि वल्हं! ३३ इंच रुंद होडीला, तेही उंच सीटवर बसून, २४० सेंटिमीटरचं वल्हं लागतं. तुम्ही घरी आहे म्हणून २२० चं वापरलंत. आखूड वल्हं पाण्यापर्यंत न्यायला ते उभं धरावं लागतं आणि सगळे थेंब मांडीवर येतात. सीटवरच्या पाण्यात त्याचाही वाटा आहे.

यापुढे सामानाची यादी आधीच विचारून घेण्याचं काहीतरी करतो, कागदावर किंवा निदान तोंडी. तुम्ही कयाक आणि सगळं सामान घेऊन या. वजन करू, मांडणी बदलून पाण्यात उतरवून बघू, त्याचे पैसे घेणार नाही. सीटखालच्या स्कपरना बुचं देतो. फक्त ती लावली की वरून आलेलं पाणी तिथून निघणार नाही, स्पंजनं टिपावं लागेल. एवढं करूनही जमलं नाही तर १२ फुटीशी बदलण्याचं बोलू.

रिव्ह्यू काढायचा की ठेवायचा, तुम्ही ठरवा. पण फोटोत नांगराची दोरी मधल्या हँडलला बांधलेली दिसते, ती कृपया आजच सोडा. वाहत्या पाण्यात तसा नांगर धरला की होडी धारेला आडवी होते आणि एक बाजू पाण्याखाली ओढली जाते. दोरी टोकालाच हवी, एका झटक्यात सुटेल अशी, आणि हाताशी चाकू. ओढ जोराची असेल तिथे नांगर टाकूच नका, काठाच्या संथ पाण्यात थांबा. लाइफ जॅकेटही सीटमागे अडकवलेलं दिसतंय, ते अंगात घाला.